दुसरा शेवट

१

गेली चार-पाच वर्षं आमच्या इंग्लंडात प्रत्येक दाढीवाल्या पोराला आपण सातशे वर्षं आधी जन्मायला हवं होतं असं वाटू लागलं आहे. ही पोरं जाडेभरडे स्वेटर घालतात, मातीच्या मगातून बिअर पितात, अंघोळीचा कंटाळा करतात आणि या सगळ्याला परंपरा म्हणतात. मग कुठल्यातरी हस्तलिखितातला सूर काढून गिटारवर बसवतात. ज्या शतकातला तो सूर, त्या शतकात गिटार नव्हती, एवढं सांगितलं तरी त्यांची तोंडं वाकडी होतात. मी त्यांच्या रेकॉर्ड तयार करून देतो, त्यामुळे ही वाकडी तोंडं मला रोज बघावी लागतात.

माझं नाव ऑस्बर्ट गॅथरकोल. आवाज पकडायचा, कापायचा आणि जोडायचा, हा माझा एकतीस वर्षांचा धंदा. ध्वनिमुद्रण कुठेही होवो, कापाकापी मी घरीच करतो. नॉर्विचबाहेर आमचं छोटं घर आहे. स्वयंपाकघरामागे, पूर्वी जिथे भांडी घासत, त्या मोरीत माझं टेपचं मशीन आहे आणि तिच्या बरोबर वर आमची झोपायची खोली. सकाळी सातला उठून बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, एनिडसाठी टोस्ट आणि अंडं वर न्यायचं, ती गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, मग खाली येऊन कामाला लागायचं, असं नोव्हेंबरपासून चाललं होतं.

नोव्हेंबरात एनिडला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर थ्रोअर मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, "जिना नको, ओझं नको, भरलेली किटलीसुद्धा उचलायची नाही. दुसरा झटका ही सोसणार नाही." थ्रोअर हा माणूस एरवी घोड्यांच्या शर्यतींखेरीज कशावरही ठाम बोलत नाही. म्हणून मी घाबरलो.

जगातल्या बहुतेक माणसांना मी कवडीची किंमत देत नाही आणि हे मी लपवतही नाही. एनिडच्या बाबतीत ते कधी जमलं नाही. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते एका नाचाच्या हॉलमध्ये. मी तिथे माईक लावायला गेलो होतो, ती नाचायला आली होती. लग्नानंतर मी तिच्याबरोबर एकदाही नाचलो नाही. तालावर घाम गाळायचा, यात काय मजा आहे हे मला समजलं नाही आणि ते मी तिला सांगितलं. तिनं शनिवारी हॉलवर जाणं हळूहळू बंद केलं.

२

रोलँड पास्क जानेवारीत आला. वय अठ्ठावीस, दाढी तांबूस, उजव्या हाताची नखं बायकांसारखी वाढवलेली. तार नखानं छेडतात म्हणून हा सगळी दारं डाव्या हातानं उघडायचा आणि चहाचा कप कोणीतरी हातात द्यावा म्हणून वाट बघत बसायचा. त्याच्या कंपनीनं सहा दिवस दिले होते. स्टुडिओ त्याला चालत नव्हता. दगडाच्या भिंतींचा घुमारा हवा होता.

म्हणून आम्ही विंडल फेनच्या चर्चमध्ये गेलो. गाव असं उरलेलं नाही. दलदलीत एक चर्च, तीन घरं आणि बीटची शेतं. आतमध्ये इतकी थंडी की पास्क भाजलेले बटाटे खिशात ठेवून त्यावर बोटं शेकत होता. रॉकेलचा हीटर फुसफुसतो, म्हणून मुद्रणाच्या वेळी तोही बंद.

"मिस्टर गॅथरकोल, इथली शांतता ऐकू येतेय तुम्हाला?" त्यानं डोळे मिटून विचारलं.

"मला तुझं नाक ऐकू येतंय. शिंकर आणि सुरू कर. आणि ते बूट काढ."

"बूट? या फरशीवर?"

"तू पायानं ताल धरतोस. लोक गिटार ऐकायला रेकॉर्ड घेतात, तुझी टाच ऐकायला नाही."

त्यानं बूट काढले. मोज्यांना दोन्ही अंगठ्यांशी भोकं होती. फरशीवर काथ्याची चटई होती, तिच्यावर त्यानं पाय ठेवले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. सहा दिवस त्या चर्चमध्ये आम्ही दोघंच होतो, तो खुर्चीत नुसत्या मोज्यांवर आणि मी कानाला हेडफोन लावून सामानाच्या खोलीत. मुद्रणात एक पाऊल वाजलं असतं तर मी त्याला थांबवला असता.

पाच दिवसांत त्यानं साधूंची भजनं, राजदरबारातली रडकी प्रेमगीतं असं काय काय वाजवलं. वाजवतो चांगलं, हे नाइलाजानं सांगायला हवं. सहाव्या दिवशी त्यानं शेवटचा तुकडा काढला. तेराव्या शतकातला नाच, सात भागांचा.

"प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा," तो म्हणाला. "पहिल्यांदा शेवट उघडा राहतो. दुसऱ्यांदा बंद होतो. साती भागांना शेवट तेच दोन. उघडा आणि बंद, उघडा आणि बंद."

"म्हणजे एकच गोष्ट चौदा वेळा."

"तुम्ही असं म्हणू शकता."

"मी म्हणतोच आहे."

"तेवढं कापू नका, मिस्टर गॅथरकोल. बाकी काय हवं ते कापा. बंद शेवट आला की नाचणारे एकमेकांचे हात सोडतात. तो नसेल तर ते सोडणार कधी?"

"कोण नाचणारे?"

"तेव्हाचे."

"ते मेले, पोरा."

"हो ना," पास्क म्हणाला, आणि खिशातल्या बटाट्यावर बोटं शेकत बसला. तो विनोद करतो आहे असं मी समजलो, कारण माणूस असं बोलला तर दुसरं काय समजायचं.

३

रेकॉर्डच्या एका बाजूला बावीस मिनिटांच्या वर गेलात की खाचा दाटीवाटीनं बसतात आणि आवाज मेंगळट होतो. पास्कची दुसरी बाजू सत्तावीस मिनिटं भरली. पाच मिनिटं कुठून काढायची हे ठरवायला मला पाच सेकंदही लागले नाहीत. नाचातला प्रत्येक भाग दोनदा होता, तो मी एकदा केला.

दोनांपैकी कुठला ठेवायचा, तर पहिला. त्याचा उघडा शेवट पुढच्या भागाकडे ओढून नेतो. दुसरा शेवट खाली बसतो, आणि दर चाळीस सेकंदांनी खाली बसणारा नाच कोण विकत घेईल? शेवटच्या भागालाही मी बंद शेवट ठेवला नाही. आवाज हळूहळू कमी करत नेला, आजकाल सगळे नेतात तसा. नाच लांब कुठेतरी निघून गेल्यासारखा वाटतो. पास्कला विचारायची गरज मला वाटली नाही. या लोकांना रेकॉर्ड हातात आल्यावर कळतं आणि तोवर त्यांची दाढी आणखी वाढलेली असते.

ब्लेडनं तिरका काप, चिकटपट्टी, अंगठ्यानं दाब. दुपारपर्यंत काम झालं. कापलेले सात तुकडे मी बॉयलरमध्ये टाकले, आणि टेपला जळताना येतो तो घाण वास घरभर पसरला. वरून एनिडनं हाक मारली, "ऑझी, काय जाळतोयस?"

"संगीत," मी म्हणालो. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग मी हेडफोन लावून नाच पहिल्यापासून ऐकला. जोड कुठेच कळत नव्हते आणि मी स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या भागात गिटारमागे काहीतरी वाजलं. ठक, आणि जरा थांबून परत ठक. चौथ्या भागात ते तालात आलं.

पाय होते. दगडी फरशीवर नरम चामड्याचे तळवे आपटावेत तसे. एका माणसाचे नव्हेत, कारण एकाच वेळी पाच-सहा पावलं पडत होती आणि प्रत्येक पावलाचं वजन निराळं होतं. आवाज मी उगाच तीस वर्षं ऐकलेले नाहीत.

४

घाबरणं हे अडाण्यांचं काम. मी कारण शोधलं. टेप रिळावर गुंडाळलेली असते, तेव्हा एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं आणि आवाजाची फिकट सावली आधी किंवा नंतर ऐकू येते. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. पण सावली ही टेपवर जे असतं त्याचीच पडते, आणि या टेपवर एका बिनबुटाच्या दाढीवाल्याशिवाय काही नव्हतं. कापण्यापूर्वी मी तीच टेप चार वेळा ऐकली होती. तेव्हाही पाय नव्हते.

मग जोडांचा आवाज म्हणावा, तर जोड सात होते आणि पावलं मी मोजायचं सोडून दिलं होतं.

मी टेप पुन्हा लावली. पाचव्या भागात हेडफोन काढले, मान मोकळी करायला. पाय वाजतच राहिले. हेडफोन मांडीवर होते, त्यातून डासाएवढी गिटार येत होती, आणि पाय माझ्या डोक्यावर, छतापलीकडे वाजत होते.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. दार उघडेपर्यंत आवाज थांबला होता. एनिड पलंगावर होती, पांघरूण हनुवटीपर्यंत. गाल लाल, कपाळाला केस चिकटलेले, आणि छाती वरखाली होत होती.

"चालत होतीस तू?"

"मी? मला डोळा लागला होता, ऑझी."

"अगं, खोटं बोलू नकोस. खाली सगळं ऐकू येतं. थ्रोअरनं काय सांगितलंय?"

"तू काय वाजवत होतास?" तिनं विचारलं. "छान होतं ते. झोपेतसुद्धा छान वाटत होतं."

मी पांघरुणाचं टोक उचलून तिचे पाय पाहिले. तळवे राखेसारख्या धुळीनं भरले होते. आमच्या खोलीत गालिचा आहे आणि तो मी रोज झाडतो. ती धूळ मी अंगठ्यानं पुसली. ओलसर होती, विंडल फेनच्या फरशीवरच्या धुळीसारखी. दलदलीत सगळंच ओलं असतं, आणि माझ्याच बुटांबरोबर घरात आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

५

दुसऱ्या दिवशी मी मशीन चालू केलं नाही. सकाळी अकराला पाय वाजू लागले.

मशीनची वायर भिंतीतून काढून ठेवली होती. मी ओट्याला धरून उभा राहिलो आणि छताकडे बघत राहिलो. दिव्याची काच बारीक थरथरत होती. ताल तोच, भाग तेच, पहिल्यापासून सातव्यापर्यंत आणि मग न थांबता परत पहिला. मी कापला होता तसा. प्रत्येक भाग एकदाच, आणि प्रत्येकाच्या शेवटी ती पुढची ओढ.

मी वर गेलो की थांबायचे, खाली आलो की सुरू व्हायचे. चौथ्या दिवशी थ्रोअर आले. मी त्यांना काय सांगणार होतो? त्यांनी एनिडची नाडी पाहिली, छाती तपासली आणि भुवया वर केल्या.

"विश्रांतीनं चांगलाच फरक पडलाय. रंग बघा कसा आलाय!"

"तिच्या खोलीतून पावलं ऐकू येतात," मी म्हणालो.

"जुनी घरं, गॅथरकोल. लाकूड हलतं." आणि ते टोपी घालून गेले. बाईच्या पलंगाखाली झिजून तळ गेलेल्या सपाता पडल्या होत्या, त्या त्यांना दिसल्या नाहीत. घोड्याच्या पायात असत्या तर दिसल्या असत्या.

रंग आला होता हे खरं. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती, पण डोळ्यांखाली काळं होतं. जेवण ताटात तसंच राहायचं. मी तिला सरळ विचारलं.

"एनिड, वर तुझ्याबरोबर कोण असतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझी कीव आल्यासारखं.

"तुला आवडायचं नाही," ती म्हणाली.

६

मी बघायचं ठरवलं. दुपारी दोनला, बाहेर स्वच्छ ऊन असताना. बूट खाली काढले आणि भिंतीला धरून, आवाज करणाऱ्या पायऱ्या टाळत चढलो. या जिन्याची प्रत्येक पायरी मला पाठ आहे.

दार बोटभर उघडं होतं. फटीतून फक्त कपाटाचा आरसा दिसतो आणि आरशात खिडकीकडची बाजू. पावलांचा आवाज इतका जवळ होता की दाराची कडी किणकिणत होती. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. तिच्यात पलंग, कपाट आणि एक खुर्ची आहे. एवढ्या पायांना तिथे जागा कुठून होती, हे मला कळत नाही.

आरशात एनिडचा हात आला. खांद्याच्या उंचीवर धरलेला, मनगट सैल, नाचणारे धरतात तसा. तो हात कोणीतरी धरला होता. मला चार बोटं दिसली, मातकट, आणि नखांच्या जागी काही नव्हतं. हात फार हळुवार धरला होता. मग फेरा फिरला, तो हात आरशाबाहेर गेला आणि दुसरा कोणाचातरी दुसऱ्या कोणाच्यातरी हातात आला. त्यानंतर मी पाहिलं नाही.

मी जिन्यात बसून राहिलो. ज्या गोष्टींवरून मी लोकांना वेडगळ म्हणून हिणवलं, त्यातली एक माझ्या बायकोचा हात धरून होती, आणि हे मी माझ्याच ब्लेडनं केलं होतं. मला त्या गोष्टीची भीती वाटत होती आणि एनिडसाठी त्याहून जास्त वाटत होती. एवढा नाच धडधाकट माणसालाही झेपला नसता. नाच थांबवायचा तर बंद शेवट हवा होता, आणि सातही मी जाळले होते.

७

पास्क डिरहमला एका मित्राच्या घरात जमिनीवर झोपत होता. फोनवर मी त्याला काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात मी इतक्या वेळा "कृपा करून" म्हणालो नव्हतो.

तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आला, गिटारची पेटी छातीशी धरून. मोरीत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबला.

"वर कोण आहे?"

"बायको. आजारी आहे."

"आणि बाकीचे?"

 त्यानं मशीनकडे पाहिलं, मग बॉयलरकडे, मग माझ्याकडे. पोरगा मूर्ख नव्हता.

"कापलंत तुम्ही."

"कापलं."

"सगळे?"

"हो, सगळे! आता भाषण देणार आहेस का वाजवणार आहेस?"

"एवढं एक सांगितलं होतं मी तुम्हाला," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढं एकच." त्यानं पेटी उघडली. तारा सुरात लावल्या. मग तो छताखाली उभा राहून सातव्या भागाची वाट बघू लागला. सातवा भाग आला. वरचे पाय उघड्या शेवटाकडे चढू लागले, तसं त्यानं त्यांच्याबरोबर वाजवायला सुरुवात केली, आणि ओढ येण्याआधी हात वळवून सूर खाली आणला. पाच-सहा स्वर असतील. मी ते चर्चमध्ये सात वेळा ऐकले होते आणि सातही वेळा मला कंटाळा आला होता. या वेळी मी त्यातला एकेक स्वर मोजला.

वर सगळे पाय एकदम थांबले. एकही मागे राहिला नाही. घर इतकं शांत झालं की बॉयलरमधला कोळसा बसल्याचं ऐकू आलं.

मग वर एकच काहीतरी पडलं, जड आणि मऊ.

८

एनिड खिडकीपाशी जमिनीवर होती. गालिचा भिंतीशी गुंडाळून ठेवलेला, पलंग कोपऱ्यात सरकवलेला. ओठ निळे पडले होते. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळ्याला बोटं लावली. नाडी लागत होती, पण दोन ठोक्यांमध्ये इतकं अंतर की प्रत्येक वेळी मला संपलं असं वाटायचं.

"थांबलं आता," मी म्हणालो. "थांबवलं मी. आता झोप."

तिनं डोळे उघडले. "ऑझी," ती म्हणाली, "पुन्हा लाव."

"नाही."

"त्याच्यावरच चाललं होतं रे." तिनं माझा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. आत काही नव्हतं. मी वाट पाहिली. अजून काही नव्हतं. मग एक ठोका, आणि परत काही नाही. "लाव ना. लवकर."

मी खाली धावलो. पास्क निघून गेला होता, मोरीचं दार सताड उघडं होतं. मी आधी अँब्युलन्सला फोन केला. फोनवरच्या बाईनं सांगितलं, रस्त्यावर बर्फ आहे, चाळीस मिनिटं लागतील. मग मी वायर भिंतीत घातली, हेडफोनची पिन उपटून टाकली, स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला आणि नाच लावला.

पहिल्या भागात काही झालं नाही. दुसऱ्या भागात वर एक पाऊल वाजलं. एकटंच. डाव्या पायावर जरा जास्त भार टाकणारं. लग्नापासून मी ते पाऊल ओळखतो, ते जिन्यावरून उतरताना स्वयंपाकघरात बसून मी कितीदा ऐकलं आहे. मी मोठ्यानं रडलो, हे कबूल करतो. तिसऱ्या भागात बाकीचे आले.

टेप संपली की मी ती परत गुंडाळतो आणि पहिल्यापासून लावतो. मध्ये अर्धं मिनिट जातं. त्या अर्ध्या मिनिटात वर पाय चालूच असतात, त्यांना माझ्या मशीनची गरज नाही. मीच लावतो आहे, कारण तिनं सांगितलं म्हणून. दर वेळी मी मान वर करून ती डावीकडे झुकणारी पावलांची जोडी शोधतो. सापडली की पुढचं ऐकू शकतो. ती वाजते आहे तोवर एनिड जिवंत आहे. याच्याहून जास्त मला काही समजत नाही आणि समजून घ्यायचं नाही. पास्क येईपर्यंतचं सगळं मी काल रात्री जागून लिहिलं होतं, त्यापुढचं टेप चालू असताना पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे.

अँब्युलन्स यायला अजून पंधरा मिनिटं आहेत.

चौथ्या खेपेला मला जाणवलं की ती मागे पडते आहे. आधी केसाएवढी, मग पाव मात्रा. बाकीचे सगळे एका वेळी पाऊल टाकतात आणि तिचं त्यानंतर येतं. एवढा फरक साध्या माणसाला कळला नसता. मला कळतो. कोणी तालामागे पडला की ब्लेडनं तेवढी टेप काढून मी त्याला ओढून जागेवर आणतो, हेच मी आयुष्यभर केलं. इथे कापायला काही नाही.

पाचव्या खेपेला ती अर्धी मात्रा मागे होती आणि पाय घासत होता.

म्हणून मी मला सुचलं ते केलं. फिरत्या रिळाच्या कडेवर अंगठा टेकवला आणि हळूहळू दाबला. रीळ जड झालं, गिटार बेसूर होत खाली घसरली, नाच दमल्यासारखा मंद झाला. एखाद्या शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर मी त्याला हाकलला असता. मी आणखी दाबलं. वर तिच्या पावलानं ते ऐकलं. तिनं चाल कमी केली, पाय उचलून टाकायला तिला वेळ मिळू लागला, घासणं थांबलं.

बाकीचे मंदावले नाहीत, आणि बंद शेवटाशिवाय ते तिचा हात सोडणार नाहीत.